नाव काढलं

नाव ठेवणं हा माझा धंदा आणि नावं ठेवणं हा माझा स्वभाव. पहिल्याचा पगार मिळायचा, दुसरं मी आयुष्यभर फुकट करत आले. मी डॉक्टर शरयू केरकर. माणसांची डॉक्टर नव्हे, पतंगांची. आणि पतंग म्हणजे उडवायचे कागदी नव्हेत, दिव्यावर झेप घालतात ते. नवी जात सापडली की तिचं वर्णन लिहायचं आणि तिला शास्त्रीय नाव द्यायचं, हे माझं काम. निवृत्त झाल्यावर सावंतवाडी सोडून घाटमाथ्यावर साळवण्याला दालचिनीची बाग असलेलं घर घेतलं. लोकांना वाटलं, म्हातारी मसाल्याचा व्यापार करणार. मला दालचिनी नको होती, तिचा पाला हवा होता. त्यावर माझे सुरवंट पोसतात.

पण नाव ठेवण्याचा माझा सगळ्यात गाजलेला प्रसंग पतंगाचा नाही, भाचीचा आहे. दादाला मुलगी झाली तेव्हा घरात सगळ्यांचं ठरलं होतं, नाव श्रावणी. वहिनीने पाळण्यावर फुलांनी तसं लिहूनही ठेवलं होतं. 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' झालं. मी आत्या, म्हणून बाळाच्या कानाशी मी वाकले. बायका माझ्या पाठीत धपाटे घालायला सरसावल्या. मी 'कुर्र्र' केलं आणि म्हटलं, "कोशा."

"वन्सं!" वहिनी किंचाळली. "कोशा? हे काय नाव झालं?"

"कोशातून बाहेर आलेली. आता कानात गेलं ते गेलं."

आणि खरंच गेलं. आत्याने कानात सांगितलेलं नाव फिरवायचं नाही, असा निकाल माझ्या आईनेच दिला. धपाटे मात्र वहिनीने असे हाणले की मला पाठ शेकायला लागली.

आमच्या शास्त्रातही हाच कायदा आहे. पहिलं जाहीर झालेलं नाव तेच खरं, मग कुणी नाक मुरडो की काही करो. फरक एवढाच की शास्त्रातलं नाव जातीला नसतं, टाचणीला असतं. म्हणजे असं बघा. नवी जात जाहीर करताना तिचा एक पतंग टाचणीला टोचून संग्रहालयात ठेवावा लागतो. तो मूळ नमुना. नाव त्याच्या गळ्यात. उद्या कुणी दाखवून दिलं की हा नमुना जुन्याच कुठल्या तरी जातीतला आहे, की तुमचं नाव रद्द. आणि रद्द झालेलं नाव त्या घराण्यात पुन्हा कुणालाही देता येत नाही. देवाला वाहिलेलं फूल पुन्हा वाहत नाहीत, तसंच.

माझं घराणं ॲटॅकस. शास्त्रीय नावात आडनाव आधी येतं, आणि ॲटॅकस हे पतंगांतल्या दांडग्यांचं आडनाव. मादी पंख पसरून बसली तर जेवणाची ताटली झाकते. पंख विटकरी, त्यांत काचेसारख्या त्रिकोणी खिडक्या आणि टोकाला असा आकार की पाखरांना नागाचं डोकं वाटावं. आणि एवढ्या थाटाच्या जीवाला खायला तोंडच नाही! सुरवंट असताना पाला ओरबाडून जी चरबी साठवली तिच्यावर आठवडाभर जगायचं. त्या आठवड्यात काम एकच, लग्न. मादी एका जागी बसून हवेत वास सोडते. नराच्या मिशा नेच्याच्या पानासारख्या पिसारलेल्या असतात. त्या मिशांनी तो वास टिपत नर दऱ्या ओलांडून येतो.

या घराण्यातली एक जात माझी. ॲटॅकस गोदाई. घाटमाथ्यावरच्या पतंगांची खिडकी आकड्यासारखी वळलेली, खाली तळकोकणातल्यांची सरळ. त्यावरून मी ती वेगळी ठरवली आणि तिला आईचं नाव दिलं. मी कॉलेजात होते तेव्हा सुरवंटांना पाला आणून घालायला आईच जायची. "तुझ्या ह्या पोरांका भूक भारी गो," म्हणायची. तिच्या नावाने रस्ता नाही, शाळा नाही. ज्या घरात जन्म काढला त्याच्या सातबाऱ्यावरसुद्धा ती नव्हती. अख्ख्या जगात तिचं नाव एकाच ठिकाणी टिकून होतं, माझ्या त्या टाचणीखाली.

मग चाळणी आली.

चाळणी म्हणजे आमच्या कोशाने बंगळूरला बनवलेलं यंत्र. साबणाच्या वडीएवढं. पंखावरची चिमूटभर धूळ त्यात घातली की ते त्या जीवाच्या जनुकांतल्या ठरावीक जागा वाचतं आणि चहाला उकळी येईपर्यंत जात सांगतं. आधी ते वनरक्षकांच्या खिशात गेलं, मग शाळांत गेलं. आणि मग जगभरच्या नावांचा हिशेब ठेवणाऱ्या नामसभेने ठराव केला की संग्रहालयांतलं प्रत्येक नाव चाळणीतून काढायचं. चाळणीला जी जात वेगळी दिसणार नाही तिचं नाव वर्षअखेरीस रद्द. हरकत असेल त्याने पुरावा आणावा.

नुसता हाहाकार उडाला. केरळातला माझा मित्र कुरियन एका सकाळी उठला तर त्याने नाव दिलेले निम्मे बेडूक रद्दच्या यादीत गेलेले. तो फोनवर रडत होता, आणि मी मेली त्याला काय सांगत होते? "यंत्र कुणाचं माहितीये ना? माझ्या भाचीचं!" बाजारात मासेवालीलासुद्धा माझं सांगून झालं होतं. पोरीचा अभिमान माझ्या अंगात मावत नव्हता.

आणि मग कोशाचा फोन आला.

"आत्या, बसली आहेस का?"

"उभी आहे. बोल."

"गोदाई वेगळी पडत नाहीये गं. खालच्या पतंगांतच मिसळतेय. मी पुन्हा पुन्हा चालवून पाहिलं."

त्यावर मी जे बोलले ते आईने ऐकलं असतं तर तोंडात मिरची घातली असती.

"शिरा पडो तुझ्या यंत्राच्या तोंडात! तीस वर्षं मी ते पतंग हाताळतेय. तुझ्या आजीचं नाव आहे ते, कोशा."

"मला ठाऊक आहे कुणाचं नाव आहे ते. यंत्र चुकत असेल तर दाखव. मीच पहिली मान्य करेन."

"पतंगाला विचारलंस का?"

"म्हणजे?"

"लग्न पतंगाला करायचंय की तुझ्या त्या डबीला? हा नर त्या मादीकडे जातो की नाही, ते त्याला विचार. जात त्याची आहे!" आणि मी फोन ठेवला.

थोड्या वेळाने वहिनीचा फोन. "वन्सं, पोरीला काय बोललात? रडतेय ती."

"मीही रडतेय. मला कोण विचारतंय?"

पुढे कितीतरी दिवस ना तिचा फोन, ना माझा. आमच्याकडे अबोला धरायचा तर नीट धरतात. मग एके दिवशी सकाळी दारात गाडी उभी राहिली आणि कोशा उतरली. काखेत एक चपटी पेटी. पाया पडली, सरळ स्वयंपाकघरात गेली, डब्यातला खटखट्या लाडू काढून कडकन फोडला आणि भरल्या तोंडाने म्हणाली, "विचारायला आलेय."

"कुणाला?"

"पतंगाला. तूच म्हणालीस ना?"

मी रागाने बोलले होते हो. पोरीने ते खरं धरलं आणि त्याचं यंत्र बनवून आणलं! मिशीला तार लावून वास तपासायची युक्ती जुनी आहे, माझ्या जन्माच्याही आधीची. नराला मऊ कापसात धरायचं, मिशीच्या टोकाला केसाहून बारीक तार टेकवायची. ओळखीचा वास आला की मिशीत किंचित वीज सरकते. कोशाच्या पेटीत एका वेळी वीस नर बसायचे, आणि ती वीज ऐकू यायची. नराला वास आपल्यातला वाटला तर त्याचा सूर गुणगुणायचा. नाही वाटला तर गप्प. काम झालं की तार काढून त्याला सोडून द्यायचं, पंखालासुद्धा धक्का नाही.

माझ्या पतंगांच्या खोलीत दिवसरात्र उलटे आहेत. दिवे लावून रात्रभर ऊन पाडते आणि सकाळी नऊला काळोख करते. या वयात पतंगांपायी जागरणं कोण करणार? त्यामुळे आम्ही अकरा वाजता जेवणाआधी आत शिरलो तेव्हा पतंगांची नुकती दिवेलागण उलटून गेली होती. पेटीत घाटमाथ्यावरचे आकडेवाले नर बसवले. समोर मी तळकोकणातून आणून ठेवलेली सरळ खिडकीची मादी. तिच्या अंगावरची हवा पंख्याने पेटीकडे सोडली.

मी म्हटलं, "बघ आता, हूं की चूं करणार नाहीत."

पेटी गुणगुणायला लागली.

मी मादी बदलली. गुणगुण. मग सरळ खिडकीचे नर आणि आकडेवाली मादी. गुणगुण. काळोखात ते सूर असे घुमत होते की मंगलाष्टकं चाललीत असं वाटावं. ज्या खिडकीवर मी आईचं नाव लावलं होतं ती खिडकी पतंगांच्या खिजगणतीतही नव्हती.

"आत्या..." कोशाने माझा हात धरला.

"धरू नकोस. ऐकतेय मी." मी म्हटलं. "तुझं यंत्र बरोबर आहे."

ती मात्र पेटीवर वाकली होती. "पण हे चार जण कुठल्याच मादीला बोलले नाहीत. आणि या कोपऱ्यातल्या माद्यांना कुणीच बोललं नाही."

"त्या रुसलेल्या," मी म्हटलं. पतंग पाळणाऱ्या प्रत्येकाकडे अशा काही माद्या निघतात. वास सोडत नाहीत, नराला जवळ येऊ देत नाहीत. आम्ही त्यांना रुसलेल्या म्हणतो आणि सोडून देतो.

"कशावर रुसल्यात?"

"मला काय ठाऊक? चल, जेवून घे."

"तू जा. या खोलीतली रात्र अजून संपलेली नाही."

मी बाहेर आले. आत रुसलेल्या माद्या, बाहेर रुसलेली मी. जेवण गेलं नाही. आईचा फोटो भिंतीवर होता, त्याच्याकडे बघवेना. दुपार अशीच गेली. चहा केला, तोही निवला. खोलीत काळोख होऊन एव्हाना आठ-नऊ तास झाले होते. आणि बाहेर उन्हं कलायला लागली तेव्हा आतून कोशा ओरडली, "आत्या! अगं ये ना लवकर!"

मी धावले. या गुडघ्यांनी धावले! आत दिवे लागायला अजून थोडा अवकाश होता, म्हणजे पतंगांची पहाट होती. कोपऱ्यातल्या रुसलेल्या माद्यांनी शेपटाकडची टोकं उचलली होती आणि वास सोडायला सुरुवात केली होती. आणि दिवसभर मुके बसलेले ते चार नर गात होते. बाकी सगळे गप्प.

आम्ही नर बदलले, माद्या बदलल्या, दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी तेच केलं. दर वेळी तेच. सांजेला वास सोडणाऱ्यांना सांजेचे नर गायचे, पहाटवाल्यांना पहाटेचे. सरमिसळ एकदाही नाही. खिडकी आकड्याची की सरळ, त्याचा काही संबंध नव्हता. ती तर पतंग कोशात असताना माथ्यावरच्या थंडीने वळते, हेही पुढे कळलं. एकाच डोंगरावर, एकाच दालचिनीच्या फांदीवर दोन जाती राहत होत्या. एक उठेपर्यंत दुसरी आडवी. जन्मभर शेजार आणि तोंडओळखसुद्धा नाही.

कोशा म्हणाली, "चाळणीला हे दिसलं नाही, कारण तिची भोकंच तिथे नाहीत. ती ठरलेल्या जागा वाचते. वेगळेपण आहे ते वासाच्या आणि घड्याळाच्या जनुकांत." तिने चाळणीला त्या जागा वाचायला शिकवलं. लगेच दोन जाती लख्ख वेगळ्या पडल्या. "आत्या, कळतंय का तुला? माझ्या यंत्राने जगभर अशा किती जाती पुसल्या असतील?"

मी तिला जवळ घेतलं. माझा राग कुठे गेला कोण जाणे.

आता प्रश्न एकच उरला. आईची टाचणी कुठल्या बाजूची? संग्रहालयातली ती मादी पहाटवाली निघाली तर गोदाई हे त्या नव्या जातीचं नाव ठरणार, कायमचं. सांजवाली निघाली तर ती जुन्याच जातीतली, आणि नाव रद्द.

त्या संध्याकाळी कोशा पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसली. बराच वेळ नखं कुरतडत होती.

"आत्या, नामसभा मूळ नमुना पुन्हा तपासून मागत नाहीये. आपण पहाटवालीलाच गोदाई म्हणून जाहीर करूया. कुणी विचारणार नाही. आजी राहील."

खरं सांगते, माझा जीव हो म्हणत होता. ओठावर आलंच होतं. आई पाल्याच्या पाट्या डोक्यावरून आणायची, तिला एवढं तरी नको का? पण मी पोरीकडे पाहिलं. यंत्र तिचं, नाव तिचं, जग तिच्या मागे, आणि एका म्हातारीच्या टोमण्यावरून ती स्वतःचंच यंत्र खोटं पाडायला इथवर आली होती. तिला मी आता काय शिकवणार होते?

"कोशा," मी म्हटलं, "टाचणीला विचारायचं नाही, तर मग पतंगाला तरी कशाला विचारलंस?"

ती रडली. मीही रडले. मग मी उठून भात टाकला.

संग्रहालयाने नमुन्याचा एक पाय पाठवला. चाळणीत कोशाने घातला, मी चहा ठेवला. उकळी आली.

"सांजवाली," कोशा म्हणाली.

नामसभेची बैठक दूरदूरच्या देशांतून भिंतीवरच्या पडद्यावर भरते. कोशा माझ्या माजघरातच उभी राहिली, माझी जुनी नारायण पेठ नेसून. तिने सांगितलं, "चाळणी मी बनवली आणि ती चुकली. तिने दोन जातींना एक म्हटलं. जोवर त्या त्या जिवाला विचारलेलं नाही, तोवर तिच्या शब्दावर एकही नाव रद्द करू नका. मात्र एक नाव खरोखरच रद्द व्हायला हवं. ॲटॅकस गोदाई. ते माझ्या आजीचं आहे. आत्याच्या वतीने ते मी मागे घेते." आवाज जरासुद्धा कापला नाही. पडद्यावरच्या त्या बड्या बड्या मंडळींतला एक म्हातारा उभा राहिला, मग दुसरा, मग सगळे. ठराव फिरला. कुरियनचे बेडूक पुन्हा चौकशीला आले, आणि तो फोनवर पुन्हा रडला, या खेपेला बरं रडला.

बैठक संपते न संपते तोच दादाचा फोन. "काय झालं गो? आम्ही इथे देव पाण्यात घालून बसलोय."

मी म्हटलं, "दादा, तुझ्या पोरीने आईचं नाव काढलं रे."

"मला ठाऊकच होतं!" दादा ओरडला. "ऐकलंस का गं, पोरीने आईचं नाव काढलं!" मागे वहिनीचं हसणं, शेजाऱ्यांचा गलका. सावंतवाडीत त्या दिवशी पेढे वाटले त्याने. नाव खरोखरच काढलंय, टाचणीवरून काढलंय, हे मी त्याला दुसऱ्या दिवशी सांगितलं. तो म्हणाला, "मग मी काय चुकीचं बोललो?"

काही चुकीचं नव्हतं. दोन्ही अर्थ खरे होते आणि दोन्ही मी छाती फुगवून सांगते. आईला नाव लिहिता येत नव्हतं, पण खोटं खपत नव्हतं. तिची नात तिच्यावरच गेली.

राहिली ती पहाटवाली. गोदाई पुन्हा देता येणार नव्हतं. कोशा म्हणाली, "तू ठेव नाव. हक्क आत्याचा."

"सापडली तुला. हक्क तुझा."

"मग बारसं करायचं. नीट, सगळं रीतसर."

दादा-वहिनी घाट चढून आले. त्याच सकाळी एक पहाटवाली मादी कोशातून बाहेर पडली होती आणि दालचिनीच्या फांदीला लटकून ओले पंख वाळवत होती. फांदी परडीत ठेवली, परडी आढ्याला टांगली. वहिनीने पदर खोचला आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या." पतंगांच्या या घराण्याला कान नसतात, हे मला पक्कं ठाऊक आहे. कोशालाही ठाऊक आहे. ती तरीही वाकली, मिशीजवळ तोंड नेलं आणि 'कुर्र्र' केलं.

"मोठ्याने सांग," मी म्हटलं. "शास्त्राला ऐकू यायला हवं."

"ॲटॅकस आत्या."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. "काय?"

"आत्या. ॲटॅकस आत्या."

"अगं ए खुळे! जगभरचे लोक वाचणार ते. विचारतील, आत्या म्हणजे काय."

"सांगू की," कोशा म्हणाली. "नाव ठेवते ती."

"आणि नावंही ठेवते," वहिनीने लगेच जोडलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं, आणि इतक्या वर्षांचा तो श्रावणीचा राग तिच्या डोळ्यांतून टपटप गळाला. "राहू दे वन्सं. आता कानात गेलं ते गेलं."

मला काहीतरी फटकळ बोलायचं होतं. त्याऐवजी मी हात उगारला आणि नाव ठेवणारीच्या पाठीत पहिला धपाटा मीच हाणला.